पत्रिका समजून दिलेला दाखला

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय,
सिंधुदुर्गनगरी (ओरोस).

विषय : थेट प्रवेशाच्या नावाखाली अडकलेला नातीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला येत्या शुक्रवारच्या आत परत मिळवून देणेबाबत.

संदर्भ : घाटावरील एका महाविद्यालयाचे 'अभिनंदन' असे छापलेले पत्र, दि. १६ जून २०२५. (संस्थेचे नाव त्या पत्रावर आहे. इथे लिहून त्यांची आणखी जाहिरात करण्याची इच्छा नाही.)

महोदय,

१. अर्जदार श्रीमती सुभद्रा परुळेकर, वय ७६, राहणार धामापूर, ता. मालवण. अर्जात 'मी, मी' करू नये असे नातीने बजावल्यामुळे खाली सर्वत्र 'अर्जदार' असेच लिहिले आहे.

२. अर्जदाराची नात कु. गौरजा यंदा बारावी झाली. मे महिन्यात ती कणकवलीला शैक्षणिक मेळाव्यास गेली होती. तिथे नाव आणि मोबाईल नंबर लिहून दिला की पिशवी आणि पेन फुकट मिळत होते. पोरीने हुशारी करून नंबर आजीचा लिहिला. दुसऱ्या दिवसापासून अर्जदाराचा फोन चुलीवरच्या भाताकडे लक्ष देऊ देईना. फोन करणाऱ्यांतली एक मुलगी फारच गोड बोलायची. "आजी, दोनच सीट उरल्यात, कन्फर्म करून टाकू?" असे तिने ओळीने तेवीस दिवस विचारले. तेवीस दिवसांत त्या दोनाची एक झाली नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. पण घरबसल्या मागणी आली याचाच आनंद मोठा होता.

३. थेट प्रवेश म्हणजे काय, हे अर्जदाराने आपल्या परीने समजून घेतले. परीक्षा नाही, यादी नाही, रांग नाही. समोरचे लोक आपणहून मुलगी मागतात. असा प्रकार अर्जदाराने आयुष्यात फक्त लग्नाच्या बाबतीत पाहिला होता. त्यामुळे स्थळ बघायला जावे तसे जायचे ठरले. सोबतीला मालवण बंदरावरची मरियम होती. शाळेत दोघी एका बाकावर बसत. तिच्या नातवालाही, रमीझला, तसलेच फोन येत होते. सकाळच्या एसटीने फोंडाघाट चढून दोघी पोहोचल्या. आधी पाण्याची सोय पाहिली, मग शेजार पाहिला. खाली लाद्यांचे दुकान होते. वर थंडगार खोली, गालिचा आणि कॉम्प्युटरच्या वर्गाचा भिंतभर फोटो. फोटोतला तो वर्ग मात्र कुठल्याच दरवाजामागे सापडला नाही. शिक्षक दिसेना, विद्यार्थी दिसेना. मरियमने तिथल्या क्लार्कसमोरच मोठ्याने विचारले, "सुभद्रा, सोयरीक बघूक इलंव खरी, पण नवरो खंय आसा गो?" क्लार्कला कळले नसावे. त्याने दोघींना लिंबूसरबत दिले.

४. इथे अर्जदाराकडून चूक झाली, ती प्रामाणिकपणे मान्य आहे. एखाद्याचे सरबत पिऊन झाल्यावर दारातच नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. मुलीची पत्रिका देऊन यायचे आणि आठ दिवसांनी 'जुळत नाही' असा निरोप पाठवायचा. पत्रिका परत येते आणि कुणाचे मन मोडत नाही. अर्जदाराच्या चार नणंदांची मिळून अकरा स्थळे अशी गोडीगुलाबीने परत गेली. क्लार्कने मुलीचे कागद मागितले. अर्जदाराने पत्रिकेच्या भावनेने दाखला दिला, मूळ प्रत. त्याने तो कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. पत्रिकेला कुणी कुलूप लावत नाही, हे एसटीत बसल्यावर सुचले.

५. घरी आल्यावर गौरजा एवढेच म्हणाली, "आजये, माझो दाखलो तेंका कित्याक दिलंस?" मग जेवली नाही. ही मुलगी लहानपणापासून धामापूरच्या तळ्याकाठी बसून माशांची नावे वहीत लिहिते. आता सरकारी यादीत मत्स्यशास्त्राच्या पदवीला तिचा नंबर लागला आहे. शुक्रवार, दि. १ ऑगस्टपर्यंत मूळ दाखला हजर केला नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

६. अर्जदाराने रीतीप्रमाणे 'पत्रिका जुळत नाही, राग नसावा' असे पत्र आणि परसातला एक नारळ संस्थेला पाठवला. नारळ ठेवून घेण्यात आला. फोन केला, तर चार वर्षांची पूर्ण फी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असे त्याच गोड मुलीने सांगितले.

७. आता जरा विचित्र बाब. संदर्भातले अभिनंदनाचे पत्र गौरजाच्या नावाने नाहीच. फोनवर नाव विचारले तेव्हा अर्जदाराने आपले सांगितले होते. त्यामुळे 'कु. सुभद्रा परुळेकर' हिची कॉम्प्युटरच्या पदवीसाठी निवड झाली आहे. लग्नाला सत्तावन्न वर्षे झाल्यावर कुमारी म्हणवून घेताना अर्जदाराला हसू आले, आणि थोडे दुसरेही काही वाटले. १९६६ साली अर्जदार अकरावी मॅट्रिक झाली तेव्हा कॉलेज कुणाच्या दारी येत नसे. वडिलांनी दाखला ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "फुडल्या वर्सा बघूया." पुढल्या वर्षी त्याच ट्रंकेतून पत्रिका बाहेर गेली, दाखला आत राहिला. तो अजून आहे. घड्या पडल्यात, पण शिक्का वाचता येतो.

८. तरी नम्र विनंती की, गौरजाचा दाखला गुरुवारपर्यंत आपल्या कार्यालयामार्फत मागवून घ्यावा. अर्जदाराने एक दाखला ट्रंकेत राहिलेला पाहिला आहे, दुसरा कपाटात राहू नये. या घरातली एक विद्यार्थिनी संस्थेला हवीच असेल, तर निवड झालेली विद्यार्थिनी हजर राहण्यास तयार आहे. गुण बावन्न टक्के. डबा घेऊन सकाळच्या एसटीने येईल, पहिल्या बाकावर बसेल आणि शिक्षक वर्गात येईपर्यंत उठणार नाही. मरियमही शेजारी बसेन म्हणते.

शुक्रवारकडे डोळे लावून बसलेली,
आपली विनम्र,
(सही) सुभद्रा परुळेकर
धामापूर, दि. २८ जुलै २०२५

सोबत :
१. अभिनंदनाचे पत्र.
२. गौरजाचा नंबर लागलेल्या यादीचे पान.
३. नारळ पाठवल्याची पोस्टाची पावती.
४. अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला, सन १९६६ (झेरॉक्स). मूळ प्रत मागितल्यास दाखवण्यात येईल, हातात देण्यात येणार नाही.