झाडावरच्या चिंध्या

प्रिय डिम्पना,

तुझ्या काहलच्या रक्ताचे रिपोर्ट अजून आले नसतील. आले की कळव. इथे किती वाजलेत ते बघू नकोस. तोवर गावाकडची एक बातमी सांगतो. रविवारी फोनवर ती सांगितली नाही.

मे महिन्यात आपल्या गावच्या पवित्र विहिरीवर पाहुणी येऊन गेली. ऑर्ला नावाची डब्लिनची बाई. देशात जिथे कोणी फिरकत नाही अशा जागा शोधते आणि इंटरनेटवर त्यांच्याबद्दल लिहिते. आपल्या लीट्रिम परगण्यात परकी माणसं पेट्रोल भरण्यापुरती थांबतात, हे तुला माहीत आहे. त्यामुळे तिचा निरोप आला तेव्हा आमच्या गाव सुधारणा समितीत लग्नघरासारखी धावपळ सुरू झाली. चिटणीस मीच.

विहिरीवरचं काटेरी झाड कसं दिसायचं ते तुला आठवत असेल. चिंध्या, मोजे, जपमाळा, कुणाच्या तरी पायाचं बँडेज. पावसाने सगळ्याचा रंग एकच झालेला. बैठकीत कोणीतरी म्हणालं, बाई येऊन हे बघणार का, आपण काय जंगली आहोत? मला ते पटलं. शाळेत तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, आणि दर वसंतात त्या झाडाजवळून जाताना मान खाली घातली. सगळं उतरवायचं ठरलं. विहिरीभोवती खडी, एक बाक, एक पाटी.

शिडीवर मी चढलो. खाली शेजारचा पॅकी शिडी धरून उभा होता. चिंधीला मात्र त्याने बोट लावलं नाही. म्हणाला, “मास्तर, शिडी धरतो, बाकी तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्याची सांधेदुखी घ्यायला माझ्या अंगात जागा नाही.” सगळे हसले, मीही हसलो. आपली आई सांगायची तेच तो बोलत होता. आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी झाडाला बांधायची; ती कुजेल तसं दुखणं जाईल. मध्येच कोणी काढली तर ज्याने काढली त्याचं.

ऑर्ला आली. विहिरीभोवती एक फेरी मारली, तीही उलट्या दिशेने, आणि विचारलं, “ते झाड कुठंय?” मी दाखवलं. पॅकी म्हणाला, “हेच ते, बाई. मास्तरांनी त्याची दाढी केलीय.” तिने कॅमेरा बाहेरच काढला नाही. आमच्याकडे चहा घेतला, ब्रेड छान झालाय म्हणाली. परत जाताना वळणावरच्या पडक्या चुनाभट्टीपाशी गाडी थांबवून तिने बराच वेळ फोटो काढले. आम्ही फाटकात उभे राहून बघत होतो. जिच्यासाठी लाज झाकायची होती ती नेमकी तेच बघायला आली होती.

पण ती लाज सगळ्या समितीची. माझी वेगळी आहे.

झाडाच्या उत्तरेकडच्या फांदीवर, वरच्या बाजूला, पिवळ्या कापडाची पट्टी होती. बदकांची नक्षी. काहल तीन वर्षांचा असताना त्याचा ताप उतरेना, तेव्हा तू त्याच्या झोपायच्या सदऱ्याची बाही फाडून बांधली होतीस. शिडी मीच धरली होती आणि तुला हसलोही होतो. कापड अर्धं विरलं होतं, पण एका बदकाची चोच दिसत होती. मी थांबलो. खालून पॅकीने विचारलं, “काय मास्तर, अडकलात का?” सगळी माणसं वर बघत होती. ही एक राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांचाही विश्वास आहे, असं कोणीतरी म्हटलं असतं. मी “नाही” म्हणालो आणि कात्री चालवली.

रविवारी तू काहलच्या नव्या तपासण्यांबद्दल सांगितलंस आणि शेवटी हसत म्हणालीस, माझा काही विश्वास नाही रे, पण झाडाकडे जाशील तेव्हा बघ, ते कापड अजून आहे का. मी म्हणालो, विरून गेलं, नुसती गाठ उरलीय. तू सुटकेचा निःश्वास सोडलास. तो मला ऐकू आला. तेव्हापासून मला कुठेच बसवत नाही.

पट्टी बाकीच्या चिंध्यांबरोबर पिशवीत टाकली नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुन्हा बांधून आलो असतो, पण बांधायची ती मुलाच्या आईनंच. हे सगळं लिहायचं कारण तुझी माफी मागणं नाही; ती तू लगेच देशील. आईचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे, म्हणून लिहितो. कापड मी काढलं, माझ्या हाताने, साक्षीदारांसमोर. तेव्हा ते दुखणं आता काहलचं राहिलेलं नाही. मी रोज सकाळी उठून बघतो, ताप आहे का, सांधे दुखतात का. अजून काहीच नाही. या वयात इतकी ठणठणीत तब्येत घेऊन गावातून फिरायची मला लाज वाटते.

तुझाच,
फिंटन