फॉर्म देवापाशी ठेवला

१ ऑक्टो. ८५, मंगळवार
रत्नागिरीहून सुलूचं पार्सल आलं. आमसुलं अर्धा किलो, कुळीथ दोन किलो, वर एक जाड लिफाफा. हमालाला दोन रु. लिफाफ्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म. खाडीतल्या कालवांवर पीएच.डी. करते, दोन वर्षं झाली, पुढच्या वर्षासाठी विद्यापीठात पुन्हा अर्ज. गाइडबाईंची सही आहे. चिठ्ठीत: 'आई, लगेच नेऊन दे, अजून सह्या लागतात. शेवटची ता. १५.'
कालच पितृपक्ष लागला. घटस्थापना पंधरालाच. देवीनेच तारीख जुळवली. फॉर्म देवापाशी ठेवला.

४ ऑक्टो.
हे म्हणाले, "नवं कुठे आहे? चालू काम आहे. देऊन ये ना." म्हटलं, तुमच्या आईंनी या पंधरवड्यात साधी केरसुणी घरात आणली नव्हती. "आईला पीएच.डी. पण नव्हती करायची," म्हणाले आणि कंपनीत गेले.

१५ ऑक्टो.
घट बसवले. अकरा वाजता विद्यापीठात. खिडकीवरचा क्लार्क तरुण, बोलायला बरा. फॉर्म उलटून पाहिला. "विभागप्रमुखांची सही कुठाय?" वर गेले तर साहेब दौऱ्यावर, शुक्रवारी येणार. परत खाली. म्हटलं, ठेवून घ्या, सही मागाहून. "मावशी, अर्धवट फॉर्म घेतला तर माझी वाट लागेल. इतके दिवस काय करत होता?"
फॉर्म पिशवीत घालून घरी आले.

१८ ऑक्टो., शुक्र.
सही मिळाली, पण तारीख गेलेली. आता गाइडबाईंचं पत्र हवं, उशिराचं कारण लिहून. मग कमिटी बघेल. तोवर पैसे बंद. सुलूची खोली, होडीवाला, सगळं त्यातूनच चालतं. क्लार्क हळूच म्हणाला, "मुलगी आजारी होती म्हणून लिहा. सगळे तेच लिहितात. दाखला जोडा."

२० ऑक्टो.
हे दाखला आणायला निघाले, नाक्यावरचे डॉक्टर ओळखीचे. नको म्हटलं. धडधाकट पोरीला देवीच्या दिवसांत कागदावर आजारी पाडायचं?
"मग कमिटीला पितर समजावून सांग."
एकच पोळी खाल्ली, उठले.

२१ ऑक्टो.
सुलूचं कार्ड. 'फॉर्म पोचला ना? पोच पाठव. दिवाळीच्या अमावास्येला ओहोटी मोठी, कालवं उघडी पडतात, होडी सांगून ठेवलीय, आगाऊ पैसे दिले.'
जप करायला बसले, मणी कुठवर आला कळेना.

२३ ऑक्टो.
गाइडबाई दिवाळीपर्यंत मद्रासला. पत्ता विभागातून घेतला होता. खरं तेच लिहिलं, चूक आईची, मुलीची नाही. कारण म्हणून हे कुठलं विद्यापीठ मानील...
मग सुलूला. तीन कागद फाडले. चौथं पत्र टपालात टाकलं, त्याची नक्कल:
'चि. सुलूस अ. आ. फॉर्म वेळेत गेला नाही. बाबा दे म्हणत होते, मीच पितृपक्ष सरेपर्यंत ठेवला. बाईंना तसंच कळवलंय. त्यांनी पत्र दिलं तर कमिटीपुढे जाईल, नाहीतर यंदाची शिष्यवृत्ती गेली. होडीवाल्याला काय सांगायचं ते तू ठरव, मला त्यातलं कळत नाही. तुला आजारी दाखवायला मी तयार झाले नाही, तेही चुकलं असेल तर सांग. रागावून लिहिलंस तरी चालेल. पण उलट टपाली लिही.'