तीन नंबरचं मशीन, दोन माणसं

सोम. ९
डायलिसिसच्या तीन नंबर मशीनवर आज अकराची पाळी दोघांना दिली गेली. नावनोंदणी माझ्याकडे, म्हणून दवाखान्याच्या सचिवांनी लेखी खुलासा मागितलाय, आणि झालं काय तेच मला कळत नाही. म्हणून लिहिते. हमीदभाई टेलर खिडकीवर नाव लावून गेलेले, तांड्यावरच्या जमनाबाईंनी फोनवरून लावलेलं. जमनाबाई परत गेल्या. पाय सुजलेले. "बाई, तुमचं कंप्यूटर शिकलेलं हाय का न्हाई?"

मंगळ. १०
जमनाबाईंचं डायलिसिस सकाळी सहाला झालं. दम लागत होता.
नावनोंदणीचा प्रोग्राम रेणूचा, माझ्या भाचीचा. खिडकीचा भाग जुना. तिथे कुलूप: एकाचं काम चालू असताना दुसरा थांबतो. फोनचा भाग नवा, तिथे ट्रान्झॅक्शन: थांबायचं नाही, करून पाहायचं. मध्ये काही बदललं तर केलेलं पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही आपापल्या जागी बराबर म्हणते. मग चूक कुठली? बी.एस्सी.ला गणितात पहिली आले होते मी.

बुध. ११
"आत्या, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, ते कुलूप. खिडकीवाले रुमाल बघतात. फोनवाला बघतच न्हाई. सीट रिकामी दिसली की बसून राहिला."
"मग बघायला शिकव त्याला."
"तेच करून राहिले."
आणि बघून झाल्यावर, बसता बसता कुणी रुमाल टाकला तर? म्हणे, तर तो उठतो. बघणंही त्याच्या कामातच धरलेलं. बघितलेलं बदललं की सगळं रद्द.
पण बघून झालेलं बदलतं कसं? दोनदा विचारलं. रेणू चिडली. "पाढे पाठ करून घेताना तुमी मला काहून विचारू दिलं न्हाई?"
उद्या दोघींनी चालवूनच पाहायचं ठरवलं.

गुरु. १२
मी खिडकीवर, ती फोनवर. दिवसभर खोटी नावं टाकली. दुरुस्त केलेल्यात चूक नाही. पण दुरुस्तीआधीच्यातही इतके महिने कुठे दिसली होती? तोही चालवून पाहिला. दुपारनंतर एकदाच एका पाळीवर दोन नावं आली. म्हणजे कारण सापडलं, की चूक नुसती दिसेनाशी झाली?

शुक्र. १३
सचिव : "मॅडम, सोमवारी फोनवरची नोंदणी पुन्हा चालू करायची का नाही, एवढंच सांगा."
बंद ठेवली तर जमनाबाईंनी नुसतं नाव लावायला अर्धा दिवस मोडून यायचं. चालू करा म्हटलं. सोमवारी त्यांचीच पाळी आहे, फोनवरूनच लावतील.
दुपारी सचिवांकडे दिलं: दुरुस्त प्रोग्राम, पेन ड्राइव्हवर. दुरुस्तीआधीचा, वेगळ्या ड्राइव्हवर. माझा खुलासा, एक पान. त्यात "समजून घेतलं" लिहिलं होतं ते खोडून "तपासून पाहिलं" केलं. खाली सही. पोच घेतली.