जंगलाचा पडदा

बाबा, तुमचा जंगलाचा पडदा अजून माझ्या कामाला येतो, हे सांगायला बसले आहे. तुम्ही नाटकांचे पडदे रंगवायचे. धान घरात आलं की नाटक मंडळवाले पडद्यांसाठी आपल्या शहापूरच्या अंगणात ठाण मांडायचे. मी मशीनसाठी स्टोरीबोर्ड काढते. माणूस येतो, बटण दाबतो, मग काय होतं, ते एकामागून एक चौकटीत. तुम्ही म्हणाला असता, "म्हणजे नाटकच होय ना वं!"

नाकाडोंगरीच्या नाटकात तो पडदा पुन्हा टांगला, तेव्हा कोणीतरी ओरडलं, "हा त मागच्या सालचा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तणतणले, "बाबा, नवा काहून नाही काढत?" तुम्ही ब्रश धूत होता. "जुना चालते, पोरी. पण त्याच्यापुढं कोण उभं राहून राहिलं, ते पाहून एखादं झाड पुसा लागते." आणि खरंच, तुम्ही दोन झाडं पुसून तिथे नायिकेची झोपडी काढली होती. रागाच्या भरात मी ती पाहिलीच नव्हती.

परवा भंडाऱ्यात एका दवाखान्यासाठी नंबर देणाऱ्या मशीनचं काम होतं. मी बँकेसाठी केलेला जुना स्टोरीबोर्ड काढला, बँकेच्या जागी दवाखाना लिहिला, झालं! आमचे साहेब खूश. चाचणीला तापानं फणफणलेली एक आजी बाकावर आणि तिची सून मशीनपुढे. मशीन म्हणे, बँकेतल्या खातेदारासारखा पेशंटनं स्वतः अंगठा ठेवावा. सून माझ्यावरच करवादली, "उठता येत असतं त दवाखान्यात कायले आणलं असतं?" अगं बाई, खरंच की! शेवटी शेवटी दवाखान्यात तुम्हीही असेच बाकावर टेकायचे आणि म्हणायचे, "तू जाय समोर, मी बसतो." हे मला माहीत असून मी माणूस न बघताच पडदा टांगला होता.

स्टोरीबोर्ड फेकला नाही. अंगठ्याची चौकट पुसली. आता सोबत आलेल्यानं नाव सांगितलं की नंबर मिळतो. चौकटीत बाकावर बसलेला म्हातारा मी काढला होता, त्याच्याकडे बोट दाखवून साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "असंच कोणीतरी." खोटं बोलले, बाबा. बँकेच्या बाकावरही तुम्हीच होता, त्याआधीच्या कामांतही. बाकी सगळं पुसते मी. एवढं एक पुसवत नाही.