आज घाण आहे

प्रिय चिगुसा,

तुझं पत्र आल्यापासून या घरात दुसरा विषय नाही. नव्या वर्षाला तू आणि आपला जावई र्योहेई येणार, तेही चार दिवसांचे पाहुणे म्हणून नव्हे तर कायमचे, आणि ही गरम झऱ्याची सराई पुढे तुम्ही दोघं चालवणार, हे तुझ्या बाबांनी आधी मला वाचून दाखवलं, मग स्वयंपाकघरात जाऊन फुकुएला, आणि दुसऱ्या दिवशी टपालवाल्याला, ज्यानं ते आणून दिलं होतं त्यालाच. फुकुए म्हणाली, "मालक, आता अस्वलांना तेवढं ऐकवायचं राहिलंय बघा." बाबा रागावले नाहीत, हसले. स्वयंपाकीण असून इतकी वर्षं ती त्यांना असंच बोलते आणि ते ऐकून घेतात. पत्र अजून त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. तुझ्या खोलीच्या सरकत्या दारांना त्यांनी स्वतः नवा कागद चिकटवला. मीही हरखले गं. तू गेल्यापासून दर हिवाळ्यात मी हेच मागत आले होते.

यंदा बर्फ लवकर आला. पुलापलीकडचा रस्ता दोनदा बंद झाला. देवदारांच्या फांद्या आत्ताच वाकल्यात, आणि वरचा खळगा, जिथे आपल्या झऱ्याचं तोंड आहे, त्याच्या काठांभोवती बर्फ चढत आलाय. एरवी तिथून वाफ मोकळी वर जाते. यंदा बर्फाचं झाकण बसल्यासारखं झालंय आणि वाफ खालच्या खाली फिरते. बाबा म्हणतात, बर्फ काय आज नवा पडतोय का?

तुला आठवतं ना, लहानपणी तू सकाळी जागी झालीस तरी अंथरुणात कान टवकारून पडून राहायचीस. बाबा फावडं घेऊन खळग्यात उतरायचे, कुंडांकडे पाणी नेणाऱ्या लाकडी पन्हळीत साचलेला गंधकाचा पिवळा गाळ खरवडून काढायचे, आणि वास येतोय हे कळवायला परत येऊन उंबऱ्यातून ओरडायचे, "आज घाण आहे!" मग आपण सगळ्यांनी आतून ओरडायचं, "वा, छान!" तू हे शाळेत सांगितलंस आणि पोरं तुला सडकं अंडं म्हणून चिडवायला लागली. रडत घरी आलीस तेव्हा तुझ्या आजीनं तुला जवळ घेऊन सांगितलं होतं, "चिडवू देत मेल्यांना. घाण येते तोवर आपण जिवंत. ती यायची थांबली की पळायचं, आणि पळायचं ते चढाकडे. विषारी वाफ वाढली की आधी आपलं नाक मारते, मग आपल्याला." जगात सगळीकडे घाण हा वाईट शब्द आहे, आपल्या घरात तेवढा शुभ. दुसरा नियमही आजीचाच. खळग्यात कुणी पडलं तर त्याच्यामागे उतरायचं नाही, मग तो कुणी का असेना. तो मात्र तुला कधी सांगितला नव्हता. लहान होतीस.

शरदात बाबांना ताप आला होता ते मी कळवलं होतंच. ताप गेला, खोकला गेला, भूक परत आली. मग एकदा फुकुएनं घाईत चुकीच्या पिंपातले मुळे वाढले. चुलीवर टांगून धुराळलेले मुळे पाहुण्यांसाठी वर काढून ठेवले होते, आणि बाबांच्या ताटात पडले ते नुसतेच मिठाकोंड्यात मुरवलेले, धूर न दाखवलेले. बाबांनी एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाले, "यंदा धूर झकास लागलाय हो मुळ्यांना." फुकुए बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्याकडे पाहिलं. त्या बाईच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी ती गप्प बसली. पुढे एकदा मी मुद्दाम त्यांच्या शेजारी शेगडीवर मासा करपू दिला. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. डोळ्यांत धूर जाऊन पाणी आलं तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे बर्फ झटकत आले आणि उंबऱ्यातून ओरडले, "आज घाण आहे!" मी "वा, छान" म्हणाले. काय म्हणणार होते?

मी त्यांना विचारलं. आडून नाही, सरळ विचारलं, नाकाला वास येतो का म्हणून. आधी म्हणाले सर्दी आहे. मग म्हणाले, "अगं, इतकी वर्षं वास घेतलाय, आता नुसत्या पाण्याच्या रंगावरून कळतं मला. राईचा पर्वत करू नकोस. आणि पोरगी येतेय, तिच्यापुढे हा विषय काढायचा नाही." स्नानघराच्या भिंतीवर विषारी वाफ मोजणारी पेटी होती ना, ती वाफ वाढली की चिमणीसारखी चिवचिवायची, ती मागच्या आठवड्यात एकसारखी चिवचिवू लागली. पाहुणे घाबरतात म्हणून बाबांनी ती काढली, टॉवेलात गुंडाळली आणि उन्हाळ्यातल्या पंख्यांबरोबर माळ्यावर टाकली. मी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं, सरपंचांनाही बोलावलं. बाबांनी दोघांना गरम दारू पाजली, जुने विनोद सांगून पोट धरून हसवलं आणि पुलापर्यंत पोचवून आले. तुझे बाबा समोरच्याला किती गोड गुंडाळतात ते तुला माहीत आहेच.

दर हिवाळ्यात सेंदाईहून येणारे ओनोदेरा मास्तर आणि त्यांच्या पत्नी परवा आले होते. बाई खालच्या कुंडातून बाहेर येऊन मला म्हणाल्या, "या वेळी किती छान, अजिबात वास नाही हो. मागच्या वर्षी माझ्या केसांचा वास आठवडाभर गेला नव्हता." बाबा शेजारीच होते. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "लेक येतेय ना आमची, झऱ्यानंही आंघोळ केलीय." मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. त्यांची चांदीची अंगठी कोळशासारखी काळी पडली होती. एरवी तिला काळं पडायला त्यांचा अख्खा मुक्काम लागतो. जेवायला बसताना त्यांचं डोकं दुखू लागलं आणि भाताची वाटी हातातून सुटली. मी त्यांना मोकळ्या हवेत नेऊन बसवलं, दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घालून दिलं, आणि खालच्या कुंडाला दुरुस्तीची पाटी लावली. बाबांनी ती पाटी काढली. मी परत लावली.

काल बाबा गावात नव्या वर्षासाठी तांदळाच्या मोची-वड्या आणायला गेले तेव्हा मी स्वतः वर गेले. पन्हळीच्या कडेनं चढताना वास चांगला येत होता, नाक झोंबत होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं "वा, छान" म्हणाले, वेडी कुठली. खळग्याच्या काठावरून चार पावलं खाली उतरले आणि वास गेला. विझल्यासारखा गेला. हवा स्वच्छ, पाणी खळखळतंय, बर्फावर ऊन. पन्हळीपाशी दोन कावळे पडले होते, पंख मिटून, झोपल्यासारखे. हातापायांवर वर चढून आले ती आजीच्या नियमामुळे, नाहीतर पन्हळीच्या वाटेनं खाली घराकडेच धावले असते. बाबा रोज तिथे वाकून उभे राहतात, चिगुसा. कदाचित वारा त्यांना सांभाळत असेल. पण वारा रोज असतोच असं नाही.

तुझ्या किइची काकांबद्दल तुला आम्ही सांगितलं होतं की त्यांचं हृदय बंद पडलं. ते पन्हळीपाशी गुडघ्यावर बसलेले सापडले होते, हातात फावडं तसंच. बाबा त्यांना उचलायला धावले आणि तिघांनी मिळून बाबांना मागे ओढलं. ओढणाऱ्यांना त्यांनी लाथा मारल्या होत्या. म्हणजे तुझ्या बाबांना सगळं कळतं. कळूनही जातात, कारण गाळ काढला नाही तर पन्हळ तुंबते आणि कुंडं गार पडतात. काल मी कावळ्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी फावडं पुसून कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाले, "पोरीच्या हातात गार कुंड देऊ? ती येऊ दे, र्योहेईला सगळं शिकवतो, मग मी वर पाऊलही टाकणार नाही." र्योहेईला शिकवणार म्हणजे त्यालाही तिथे घेऊन जाणार. नाक नसलेला माणूस त्याला शिकवणार की वास कसा घ्यायचा.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. फोन नेहमी बाबाच उचलतात, म्हणून लिहितेय. तू येऊ नकोस. आणि नुसतं थांबू नकोस, बाबांना लिही की तुला ही सराई नको आहे. नंतर बघू, पुढच्या वर्षी येऊ, असलं काही लिहू नकोस, त्या आशेवर ते उद्याही फावडं उचलतील. लिही की त्या दरीत तुझा जीव गुदमरायचा, र्योहेईला ही गावंढळ कामं जमणार नाहीत, जागा विकून टाका नाहीतर पडू द्या. कठोर लिही. सराई द्यायला कुणी उरलं नाही तरच तो माणूस वर जायचा थांबेल, मी सांगून थांबत नाही. मला आजीचा नियम पाठ आहे, पण ते खाली पडलेले दिसले तर मी काठावर उभी राहणार नाही, हे मला काल तिथेच कळलं. आणि तू इथे असलीस तर तू माझ्यामागे उतरशील, र्योहेई तुझ्यामागे. मी जन्मभर तुझी वाट पाहिली गं, आणि आज तुला येऊ नकोस म्हणून लिहितेय. हे पत्र वाचून जाळून टाक आणि त्यांना आजच्या आज लिही. ते मला वाचून दाखवतील, नेहमीसारखं मोठ्यानं. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवीन, तुला कृतघ्न म्हणेन, चार शिव्याही देईन. त्यातली एकही मनावर घेऊ नकोस.

तुझ्यावर जीव टाकणारी, तुझीच
आई