अकरावी सूचना

३ ऑक्टोबर ८८
हैदराबादच्या डॉक्टरांनी तारीख दिली, १२. नंतर सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नाही, बादली नाही, कपडे पिळणं नाही. घरी कोण आहे, विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, आधी माणूस ठरवा, मग ऑपरेशन. म्हणून लिहिते आहे. काय लागेल, कोण करील, हे कागदावर यायला हवं.
सोलापूरला डावा स्तन काढला त्याला तीन वर्षं झाली. आता पाठीचा स्नायू पुढं वळवून तिथं नवा करणार. मला हवा आहे. कारण सांगायला मी कुणाला बांधील नाही.

५ ऑक्टोबर
तालीम केली. जुन्या पातळाच्या पट्टीनं डावा हात अंगाशी बांधला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चहा जमला. भाकरी एका हातानं थापली, ती कुठल्यातरी देशाचा नकाशा झाली. अंघोळ अर्धीमुर्धी. वेणी नाही. निऱ्या तीनदा सुटल्या. दुपारी कुणीतरी कडी वाजवली. पातळ धड नव्हतं, उघडलं नाही. परत कुणी आलं नाही.
बाई लागणारच. दिवसरात्र राहणारी. शक्यतो कमी बोलणारी.

८ ऑक्टोबर
धाकट्या बहिणीला, शीलाला, कमलनगरला पत्र टाकलं. दुसरं सांगणार कुणाला? पण सोलापूरहून आल्यावर मी ब्लाउजसाठी कापसाची गादी शिवत बसले होते, तेव्हा तीच म्हणाली होती, "आता ह्या वयात कोण बघायलंय, अक्का?" सहज म्हणाली असेल. तरी.
लिहिलं: पाठीचं ऑपरेशन आहे, तू येऊ नकोस, एखादी बाई पाठव. खोटं नाही. पाठ कापणारच आहेत.

११ ऑक्टोबर, हैद.
डॉ. नी सांगितलेल्या सूचना उतरवून घेतल्या. अकरा. शेवटची: पाठीवर आणि पुढं, दोन्हीकडे कातडी बधिर राहील; शेक, गरम पिशवी बिलकुल नको, भाजलं तरी कळायचं नाही.
संमतीच्या कागदावर सही कुलकर्णीबाईंची. शाळेत बावीस वर्षं माझ्या शेजारचा वर्ग घेतला त्यांनी. ‘नातं’ या रकान्यात काय लिहू, विचारत होत्या. सहकारी, म्हटलं.

२९ ऑक्टोबर, नौबाद
घरी. टाके निघाले. कुलकर्णीबाई पोचवून, चहा न घेता गेल्या. त्यांच्या घरी पाहुणे.
शीलानं पाठवलेली चंद्राबाई आली आहे. साठीची, ठणठणीत. आयुष्यभर बाळंतिणींचं केलं. आल्या आल्या शेगडी कुठं, तेल कुठलं, डिंक आहे का. मी म्हटलं, मी बाळंतीण नाही. "अंथरुणावर हाईत न्हवं? मंग एकच."
तिला वाचता येत नाही. सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. दहापर्यंत. अकरावीत ‘पुढं’ हा शब्द होता. कागदाची घडी केली.

१ नोव्हेंबर
तेल लावू देत नाही म्हणून चंद्राबाई फुगली. धाकट्या अक्कानं, म्हणजे शीलानं, पाठ दुखते म्हणून सांगितलंय म्हणे, आणि मी पाठीला हात लावू देत नाही. मग बोलावलं कामून? अंघोळही मी दार लावून, अर्धीच करते. भाकरी तेवढी उत्तम.
घरात माणूस आहे. दिवसभरात मी किती वाक्यं बोलले? मोजण्याइतकी.

४ नोव्हेंबर
दुपारी कुशीवर डोळा लागला. जाग आली तर चंद्राबाई मागं बसून, तव्यावर तापवलेल्या फडक्यानं माझी पाठ शेकत होती. रुसवा सोडला होता बिचारीनं. मला काहीही कळलं नाही. भाजल्याचं कळलं ते ती थांबून बोलली तेव्हा.
"बाई, फोड आलाय की वो. चटका बसला तर वरडायचं न्हाई व्हय? गप कामून पडलाव?"
"मला तिथं लागत नाही."
"कवापासून?"
मग सांगितलं. सगळं. ब्लाउज काढून पुढचंही दाखवलं. तिथंही लागत नाही, तिथंही शेकू नका, म्हणून. डॉक्टरांखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. चंद्राबाई बराच वेळ बघत राहिली.
"दोन्ही सारखं न्हाईत."
"नाहीतच."
"माजं तरी कुठं हाईत?"
मला हसू आलं. हसताना टाक्यांची जागा ओढली.

५ नोव्हेंबर
इथल्या डॉक्टरीणबाई बघून गेल्या. फोड वरवरचा आहे, पण आणखी थोडा वेळ शेकलं असतं तर कातडीच गेली असती. बाईला कुणी सांगितलं नव्हतं का, म्हणून चंद्राबाईवर चिडल्या. चूक माझी आहे, असं मी सांगितलं. दोनदा.

९ नोव्हेंबर
चंद्राबाई सकाळी बघते आणि सांगते: पाठ लाल न्हाई, पुढचं गरम न्हाई. मी लिहून ठेवते. पुरी अंघोळ. तिचा हात फिरतो तो कडेकडेनं कळतो, मध्ये नाही.

१३ नोव्हेंबर
लेकीकडं कार्य आहे, चंद्राबाई चार दिवस कमलनगरला. "तवर धाकट्या अक्काला येऊ द्या की. पर खरं सांगून बोलवा. न्हाईतर ती बी शेकंल."
पत्र लिहिलं. पाच ओळी. कशाचं ऑपरेशन, कुठं हात लावायचा नाही, का. ‘ये’ असं लिहायचं होतं, ते राहिलं. जागा होती कागदावर.
सकाळच्या गाडीआधी चंद्राबाईच्या हाती दिलं: शीलासाठी पत्र एक. पाकीट चिकटवलेलं नाही. तिनं ते चोळीत खोचलं आणि निघाली.