सोमवारच्या बाजाराची हरकत

वैजनाथला जिलानीचा सलाम, आणि उज्वलावहिनींना नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? पुण्यात खुर्चीवर बसून बसून धरली असणार. इकडं आम्ही बरे आहोत. तुझ्या मायची, म्हणजे आमच्या मावशीची तब्येत विचारशील, तर तिची ठणठणीत आहे, तिच्यापायी माझी बिघडली.

झालं असं, गावाच्या जमिनीचा नवा आराखडा आला. पूर्वी असलं काही आलं की ग्रामसभा बसायची, दोन तास चालायची (त्यातला दीड तास अमृतराव बोलायचे). आता नव्या पद्धतीत सभा न्हाई. नकाशा मोबाईलवर, हरकत मोबाईलवर, मुदत तीस दिवस. मी मोबाईल दुरुस्तीवाला, म्हणून मावशी माझ्याच दुकानात आली. नकाशात सोमवारच्या बाजाराचं मैदान, जिथं ती तीस वर्षं भाजी विकते, राखाडी रंगात होतं. "हे काय हाय?" मी म्हणालो, वाहनतळ. ती म्हणाली, "लिही."

लिहायला बसलो, तर तिथं पाचशे अक्षरांच्या वर काही मावेना. मावशीची तर नमस्कारातच दोनशे गेली. मग ती उठून गेली आणि बाजारातल्या एकेचाळीस जणींना घेऊन आली. "एकेकीचं पाचशे लिही," म्हणाली. चार दिवस मी दुसरं काम केलं न्हाई. (जगदेवीनं आपली हरकत तीनदा बदलली.)

सुनावणीला सगळ्या एसटीनं लातूरला गेल्या, मलाही नेलं. साहेब भला माणूस, पण एवढी गर्दी बघून म्हणाले, मुद्दा एकच आहे, एकीनंच बोला. मावशी शांतपणे उठली. "साहेब, मतदानाला बी एकीनंच जावं का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चहा मागवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ऐकलं. पुढच्या सोमवारी स्वतः बाजारात येऊन मैदान पायी फिरले. आता बाजार जागेवर राहिला आहे. सभा बंद झाली म्हणून मी गप बसलो होतो, तुझ्या मायनं ती सभा लातूरला नेऊन भरवली. मला तिचा लई अभिमान वाटला.

तुझा,
जिलानी

ता.क. वाहनतळ आता स्टँडमागं हलवला आहे. तिथं माझा प्लॉट आहे, दुकानासाठी घेतलेला. म्हणून आता मीही हरकत टाकली आहे.

आणखी एक. माझ्या सुनावणीत तू बोल, असं मी मावशीला म्हणालो. ती म्हणाली, "तुझं तूच बोल, बाळा. आमी ऐकायला येतो." माझी पाचशे अक्षरं मी आत्तापासूनच पाठ करायला घेतलीत. चार दिवस रजा काढून ये.